गणपतीच्या शाळेतला संगणक: विद्यार्थी परवाना नेमका कुठे संपतो?

पेण-हमरापूरकडे मूर्ती घडवायच्या जागेला कारखाना म्हणतात. तळकोकणात आम्ही शाळा म्हणतो, गणपतीची शाळा. गेल्या आषाढात कुडाळजवळच्या अशाच एका शाळेत मी भाचीबरोबर गेलो होतो. भिंतीला टेकवून पाट रचलेले, प्रत्येक पाटावर घराण्याचं नाव. बाहेर पाऊस, आत शाडूचा ओला वास. भाचीने पिशवीतून वीतभर उंचीची राखाडी मूर्ती काढली. संगणकावर घडवलेली आणि थ्रीडी प्रिंटरवर छापलेली.

शाळेच्या मालकांनी, म्हणजे आमच्या काकांनी, ती ट्यूबलाइटखाली धरली. अंगठ्याचं नख सोंडेवरून फिरवलं. "वळसो बरो इलो हा. पण ह्यो रेघो घासूक होयत," म्हणाले. मग थोडा वेळ गप्प बसून, "आठ हजार देतंय. ह्येचो साचो काढूया."

भाची हरखेल असं मला वाटलं होतं. परतताना स्कूटरवर मागून ती म्हणाली, "मामा, ही मूर्ती मी सॉफ्टवेअरच्या विद्यार्थी परवान्यावर केलीय. विकता येईल का मला?"

मला त्या क्षणी नीट उत्तर देता आलं नाही, आणि ते मला बोचलं. कारण हा प्रश्न आता तिच्या एकटीचा राहिलेला नाही. सावर्ड्याला कला शिकणारी मुलं, मुंबईत ॲनिमेशन करून गावी परतलेली मुलं, सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांसाठी नवे नमुने काढू बघणारी मुलं, सगळ्यांना एक ना एक दिवस कोणीतरी "किती घेशील?" असं विचारतं. त्या दिवसाआधी हे समजून घेतलेलं बरं.

हे सॉफ्टवेअर करतं काय?

पडद्यावर मातीचा गोळा येतो. हातात पेन, खाली पाटीसारखा टॅबलेट. पेन दाबलं की माती उचलली जाते किंवा खचते, जोर वाढवला की जास्त. खरं तर तिथे माती नसते, असतं एक जाळं. मासेमारीच्या जाळ्याचा आस जितका बारीक तितकी बारीक मासळी अडकते, तसंच इथे. जाळ्याचे चौकोन जितके लहान तितका बारीक तपशील: बोटांची पेरं, मुकुटावरचा मोती, सोंडेच्या सुरकुत्या. एका मूर्तीत असे लाखो चौकोन सहज होतात. काम झालं की जाळं थोडं हलकं करायचं आणि प्रिंटरला पाठवायचं. छापलेली मूर्ती घासून गुळगुळीत केली की तिच्यावरून रबरी साचा निघतो.

या कामात सर्वांत मोठं नाव झीब्रश. ऑटोडेस्क कंपनीचं मडबॉक्स आहे, थ्रीडीकोट आहे, फुकट मिळणारं ब्लेंडर आहे, आणि टॅबवर चालणारं नोमॅड स्कल्प्ट आहे.

कोरणी आपली असते, सॉफ्टवेअर नसतं

अलिबागजवळ सासवन्याला शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांच्या घरी त्यांची शिल्पं जपून ठेवली आहेत. पुण्यात १९२८ साली उभा राहिलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. तिथे गेलो की मला नेहमी हातांचा विचार येतो. कोरणी, पटाशी, हातोडी एकदा विकत घेतली की ती त्या हातांची. तिने शिकताना काय केलं, विकायला काय केलं, हे दुकानदार कधी विचारत नाही.

सॉफ्टवेअरचं तसं नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो, म्हणजे पुस्तकासारखाच लेखकाच्या हक्काखाली येतो. आपण पैसे देतो ते फक्त वापरायच्या परवानगीचे. त्या परवानगीला परवाना म्हणायचं, आणि ती कोणाला, कशासाठी, किती दिवस हे त्यातच लिहिलेलं असतं.

आंब्याची बाग खंडाने घेतो तेव्हा काय होतं ते कोकणात कोणाला सांगायला नको. हंगामापुरती फळं तुमची, कलमं मालकाची. एखादं कलम तोडून सरपण केलंत तर खंड भरलाय म्हणून कोणी ऐकून घेणार नाही. परवाना म्हणजे असा खंड. फरक एवढाच की बागेचा करार दोघे बसून ठरवतात, आणि सॉफ्टवेअरचा करार आपण न वाचता "मान्य आहे" वर बोट ठेवून मोकळे होतो.

लाल सिलिंडर आणि निळा सिलिंडर

दापोली-गुहागरकडे घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्या लोकांना हे लगेच कळेल. घरच्या वापराचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर वेगळा, खानावळीचा १९ किलोचा निळा वेगळा. आत गॅस तोच, ज्योत तीच, चहा तितक्याच वेळात उकळतो. पण पर्यटकाला पैसे घेऊन जेवू घालायचं तर लाल सिलिंडर चालत नाही. ज्या कामासाठी तो स्वस्त दिला, ते काम बदललेलं असतं.

विद्यार्थी परवाना हा लाल सिलिंडर. बहुतेक वेळा सॉफ्टवेअर तेच असतं, काही कंपन्या त्यात थोडी काटछाट करतात. ऑटोडेस्क आपली शैक्षणिक आवृत्ती पात्र विद्यार्थ्यांना फुकट देते, एकेका वर्षासाठी, आणि विद्यार्थी असल्याचा पुरावा देऊन ती पुन्हा वाढवता येते. झीब्रश ज्या मॅक्सॉन कंपनीकडे आहे, तीही विद्यार्थ्यांना मोठ्या सवलतीत देते. कंपन्यांचा हिशोब सरळ आहे. आज जे हाताला बसेल तेच उद्या नोकरीत मागितलं जाईल. यात मला काही वावगं वाटत नाही. मुलांना महागडं हत्यार शिकायला मिळतं, ही चांगलीच गोष्ट आहे.

व्यावसायिक परवाना हा निळा सिलिंडर. या दोघांच्या मध्ये आणखी एक प्रकार आहे, इंडी. छोट्या, एकट्याने काम करणाऱ्या कलाकारांसाठी पूर्ण सॉफ्टवेअर कमी दरात. अट उत्पन्नाची. माया आणि हौडिनी या ॲनिमेशनच्या दोन्ही सॉफ्टवेअरची इंडी आवृत्ती वर्षाला १ लाख डॉलरपेक्षा कमी कमावणाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडे एकट्याने काम करणारा कलाकार त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही, तरी अनेकांना हा प्रकार आहे हेच माहीत नसतं. सगळ्याच सॉफ्टवेअरला तो नसतो, पण विचारून बघायला काय जातं?

"पण मी अजून विद्यार्थीच आहे ना?"

भाचीचा पहिला मुद्दा हाच होता, आणि सर्वांत जास्त मुलं इथेच फसतात.

एसटीचा विद्यार्थी पास आठवा. घर ते कॉलेज या मार्गाचा तो पास. तुम्ही कुडाळहून सावंतवाडीला शिकायला जात असाल, आणि रविवारी मालवणच्या गाडीत तो पास दाखवलात तर कंडक्टर तिकीट फाडणारच. तुम्ही विद्यार्थी नाही असं तो म्हणत नाही. या प्रवासासाठी हा पास नाही, एवढंच म्हणतो.

विद्यार्थी परवान्याला दोन अटी एकदम लागतात: तुम्ही विद्यार्थी असायला हवं, आणि काम शिकण्यासाठी असायला हवं. कॉलेजचा अभ्यास, सराव, परीक्षेचा प्रकल्प हे आत. पैसे घेऊन केलेली मूर्ती, दागिन्याचा नमुना, कंपनीसाठी केलेलं पात्र हे बाहेर. वय, गुणपत्रिका किंवा ओळखपत्र यांनी दुसरी अट भरून निघत नाही.

याच्या पोटात आणखी एक प्रश्न येतो. उन्हाळ्यात एखाद्या स्टुडिओत शिकाऊ म्हणून गेलात, तर? तिथलं काम स्टुडिओ विकणार असेल तर परवानाही स्टुडिओने द्यायला हवा. "तुझा लॅपटॉप घेऊन ये, तुझ्यावर आहे ना सॉफ्टवेअर?" असं कोणी म्हटलं तर ती जबाबदारी ते गुपचूप तुमच्या गळ्यात टाकत आहेत, हे ओळखा. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या संगणकांचंही तेच. तो परवाना शिकवण्यासाठी आहे. सरांनीही त्यावर बाहेरची ऑर्डर घ्यायची नसते.

"पैसे घेतलेच नाहीत तर?"

गावच्या मंडळाचा गणपती, देवळासाठी केलेला मुखवट्याचा नमुना. एक रुपया घेतला नाही. इथे उत्तर परवान्याच्या एका शब्दावर लटकतं. काही परवाने "बिगरव्यावसायिक" वापर म्हणतात, तिथे अशी सेवा सहसा बसते. काही म्हणतात "फक्त शैक्षणिक", तिथे सेवाही बाहेर जाते, कारण ती शिकणं नव्हे. शब्द शोधा, अंदाज करू नका.

"हंय कोण येतलो बघूक?"

काकांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य हेच होतं, आणि ते त्यांनी अगदी प्रामाणिकपणे विचारलं. कुडाळच्या एका आडगावात कोण येणार आहे तपासायला?

अशा गावात कोणी येत नसेलही. पण सॉफ्टवेअरला यावं लागत नाही, फाइल स्वतः बोलते. हौडिनीचं उदाहरण घ्या. त्याच्या फुकट शिकाऊ आवृत्तीत केलेल्या फाइलचा प्रकारच वेगळा असतो, आणि ती फाइल व्यावसायिक आवृत्तीत उघडली की ते चालू काम बिगरव्यावसायिक होऊन बसतं. दह्याचं विरजण दुधात पडावं तसं. ऑटोकॅडच्या शैक्षणिक आवृत्तीत काढलेल्या नकाशांवर कैक वर्षं छापताना कडेला तसा शिक्का उमटायचा. इंजिनियर मंडळींना तो आठवत असेल. प्रत्येक सॉफ्टवेअर असं करत नाही, पण करू शकतं.

दुसरी गोष्ट गिऱ्हाइकाची. आज काका आहेत, ते कागद मागत नाहीत. उद्या मुंबईच्या खेळण्यांच्या कंपनीचं किंवा परदेशी स्टुडिओचं काम आलं तर करारात एक ओळ असते: वापरलेल्या सगळ्या साधनांचे परवाने माझ्याकडे आहेत. तिथे सही करताना हात थरथरू नये. माझ्या ओळखीच्या एका मुलाचं चांगलं काम याच एका ओळीपाशी थांबलं. त्याने खोटी सही केली नाही याचा मला अभिमान आहे, पण काम गेलं ते गेलंच.

आता कायदा. इथे दोन गोष्टींची लोक गल्लत करतात. चोरून आणलेलं, कुलूप फोडलेलं सॉफ्टवेअर, ज्याला सगळे क्रॅक म्हणतात, ते एक. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब प्रमाणे अशी बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणं हा गुन्हा आहे: किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी किंवा कमाईसाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. म्हणजे धंद्यासाठी वापर आहे की नाही याला हा कायदाही वजन देतो. विद्यार्थी परवान्यावर कमाईचं काम करणं ही दुसरी गोष्ट. प्रत खरी आहे, पण करार मोडला. इथे कंपनी आधी परवाना रद्द करू शकते, फरकाची रक्कम मागू शकते, आणि पुढे हक्कभंगाचा दावाही लावू शकते. दोन्ही एकाच पारड्यात घालू नका. पण दुसरी गोष्ट चालते असाही अर्थ काढू नका.

मग मूर्ती कोणाची?

भाचीला सर्वांत जास्त भीती याची होती. मूर्तीच कंपनीची झाली तर?

नाही. परवाना हत्याराचा असतो. घडवलेलं शिल्प घडवणाराचं. तिच्या मनातून आलेली सोंड, बैठक, चेहऱ्यावरचा भाव तिचाच. फक्त कंपनीने तिला ते हत्यार विक्रीच्या कामासाठी दिलेलं नव्हतं, म्हणून ती विशिष्ट फाइल विकायला नेली की करार मोडतो.

याला दोन सरळ वाटा आहेत. एक, कंपनीला ईमेल करायचा: मी विद्यार्थी असताना ही फाइल केली, आता मला व्यावसायिक परवाना घ्यायचा आहे, घेतल्यावर ही फाइल वापरता येईल का? उत्तर लेखी येतं आणि ते जपून ठेवता येतं. दुसरी वाट, मूर्ती नव्याने घडवायची. ऐकायला ती जड वाटते, पण ज्याने हाताने माती मळली आहे त्याला माहीत असतं की दुसऱ्या वेळी तीच मूर्ती निम्म्या वेळात होते आणि बऱ्याचदा अधिक चांगली होते. मात्र जुनी फाइल नव्या सॉफ्टवेअरमध्ये ओढून तिला नवी म्हणायचं नाही. कागदावरच्या रेखाटनांपासून सुरुवात करायची.

परवडायचं कसं?

आता पैशाचं बोलू, कारण अडतं ते इथेच. झीब्रश पूर्वी एकदाच पैसे भरून कायमचं घेता यायचं. २०२१ च्या डिसेंबरात मॅक्सॉनने ते घेत असल्याचं जाहीर केलं, आणि आता ते महिन्याच्या किंवा वर्षाच्या भाड्यानेच मिळतं. भाडं डॉलरमध्ये ठरतं, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि परकी चलनाचं बँकेचं शुल्क वेगळं. जाहिरातीतला आकडा बघून हिशोब करू नका, शेवटच्या पानावरचा बघा.

समजा सगळं धरून वर्षाचे ३६ हजार होतात. हा आकडा मी हिशोबापुरता धरलाय, खरा दर ज्या दिवशी घ्याल त्या दिवशी बघा. काकांच्या ८ हजारांच्या दराने साडेचार मूर्ती गेल्या की भाडं निघालं. पाचव्या मूर्तीपासून हाताला पैसे. वर्षाला तीनच मूर्ती मिळणार असतील तर तो परवाना आज घेऊ नये, इतकं हे सरळ आहे.

पण कोकणातल्या कामाला हंगाम असतो, आणि तो आपल्या बाजूचा आहे. नवे नमुने आणि साचे गणपती झाल्यावर, थंडी-उन्हाळ्यात होतात. पाऊस लागला की शाळेत सगळे हात मूर्ती काढण्यात आणि पुढे रंगकामात. म्हणजे ज्याला वर्षातून चारच महिने शिल्प करायचं आहे, त्याने महिन्याचा परवाना चार महिने घ्यावा. महिन्याचा दर वर्षाच्या मानाने चढा असतो, तरी एकूण कमी पडू शकतो. गुणाकार करून बघा. एक मात्र सांभाळा: "वर्षाचा करार, पैसे महिन्याला" असाही एक प्रकार असतो. दिसतो महिन्याचा, बांधतो वर्षभर.

कार्डावरून आपोआप पैसे कापण्याचंही बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा वारंवार कापल्या जाणाऱ्या रकमेला बँकेत आधी परवानगी नोंदवावी लागते, आणि एका वेळी १५ हजारांच्या वरची रक्कम असेल तर दर वेळी ओटीपी. परदेशी कंपन्यांच्या बाबतीत हे मध्येच अडतं. परवाना ऐन कामात बंद पडतो आणि माणूस संगणकाला दोष देत बसतो. शिवाय काही परवाने ठरावीक दिवसांनी इंटरनेटवर हजेरी मागतात. ऑटोडेस्कच्या सॉफ्टवेअरला साधारण ३० दिवसांतून एकदा जोडावं लागतं. पावसात खांब पडून आठवडाभर लाइट आणि नेटवर्क नसणाऱ्या गावांनी ही हजेरी आधीच लावून ठेवावी.

आणि भाडं संपायच्या आत प्रत्येक मूर्ती ओबीजे प्रकारात बाहेर काढून ठेवा. ती फाइल जवळजवळ कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते. सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या प्रकारातली फाइल भाडं थांबलं की कुलूपबंद पेटीसारखी पडून राहते.

फुकट, आणि तरीही धंद्याला मोकळं

हे बऱ्याच जणांना खरंच वाटत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. २००२ साली ब्लेंडर बनवणारी कंपनी बंद पडली होती. टॉन रोझेंडाल या डच माणसाने गुंतवणूकदारांकडून ते सोडवून सर्वांसाठी खुलं करायचं ठरवलं. त्यासाठी १ लाख युरो हवे होते. जगभरच्या वापरणाऱ्यांनी वर्गणी काढली आणि ७ आठवड्यांत रक्कम उभी राहिली. गावाने वर्गणी काढून देवळाचा सभामंडप बांधावा आणि तो सगळ्या वाड्यांना उघडा असावा, तसं ते तेव्हापासून सगळ्यांचं आहे. त्याचा परवाना विद्यार्थी आणि धंदेवाला असा भेद करत नाही. त्यात केलेली मूर्ती विका, साचा काढा, परदेशी पाठवा, एक पैसा देणं लागत नाही.

कमतरता आहेत. जाळ्याचे चौकोन फार वाढले की झीब्रश जितकं हलकं चालतं तितकं ब्लेंडर चालत नाही, आणि त्याचा पडदा पहिल्यांदा बघणाऱ्याला गोंधळवतो. पण घरगुती गणपतीच्या नमुन्याला ते पुरतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ज्याच्याकडे संगणक नाही, टॅब आहे, त्याने नोमॅड स्कल्प्ट बघावं. एकदाच पैसे भरायचे, भाडं नाही.

माझं मत विचाराल तर: शिकताना विद्यार्थी परवाना जरूर घ्या, झीब्रशही शिका, कारण मोठ्या स्टुडिओंत तेच मागतात. पण शेजारी ब्लेंडरवरही हात बसवत राहा. पहिली ऑर्डर येईल तेव्हा शिकण्याचं काम एका हत्याराने आणि कमाईचं दुसऱ्याने, अशी वाटणी करता येते, आणि कोणासमोर काही लपवावं लागत नाही.

भाचीने तेच केलं. झीब्रशमधली मूर्ती कॉलेजच्या प्रकल्पासाठी ठेवली. काकांसाठी वहीतली रेखाटनं समोर ठेवून ब्लेंडरमध्ये नवी मूर्ती घडवली. एकोणीस दिवस लागले. पहिली तिला दोन महिन्यांत झाली होती. या वेळी तिने उजवा कान जरा पुढे घेतला, कारण आधीच्या मूर्तीत साचा तिथेच अडकेल असं काकांनी तेव्हाच बोट ठेवून दाखवलं होतं.

नवी मूर्ती काकांनी पुन्हा ट्यूबलाइटखाली धरली, पुन्हा नख फिरवलं. रेघा तिने आधीच घासून आणल्या होत्या. मग त्यांनी विचारलं, "बिल खंय आसा?" तिने वहीचं पान फाडून तिथेच पाटावर ठेवून लिहिलं: गणपतीचा नमुना एक, फाइलसह, आठ हजार रुपये. खाली तारीख घातली आणि सही केली.